जळक्या प्लास्टिकचा वास

आमच्या यार्डातल्या कुठल्याही गाडीचं आतलं प्लास्टिक तडकलेलं असलं की ती गाडी मागच्या शेडमध्ये दादाराव तायडे यांच्याकडे जायची. तडकलेलं, फुटलेलं हे शब्द आमचे. दादाराव म्हणायचे, उललं. डॅशबोर्ड उलला, दाराचं पॅनल उललं. उन्हाळ्यात काळी जमीन उलते, तोच शब्द. मी इंग्रजी शाळेत शिकलेली. मला तो माहीत नव्हता आणि विचारायचा धीर झाला नाही. पहिले काही दिवस ते काय म्हणतात ते मी अंदाजाने समजून घेत होते.

यार्ड म्हणजे अमरावतीत बडनेरा रोडला जुन्या गाड्या घेण्याविकण्याचा धंदा. मालकांना सगळे अजयभाऊ म्हणायचे. आलेल्या गाडीचे आतून-बाहेरून फोटो काढायचे, काय चांगलं आहे, काय खराब आहे ते कॉम्प्युटरवर भरायचं, हे माझं काम. माणसांशी फारसं बोलावं लागत नव्हतं म्हणून मी ते घेतलं होतं. अडचण फक्त जेवणाच्या सुट्टीची होती. ऑफिसात सगळे एकत्र डबे उघडायचे आणि एकमेकांची खेचायचे. तिसऱ्या दिवशी मी डबा घेऊन मागच्या शेडमध्ये गेले. दादारावांनी वर बघितलं, पायाने एक स्टूल माझ्याकडे सरकवलं आणि पुन्हा कामाला लागले. का आलीस, इथे का, काही विचारलं नाही. पुढे जवळजवळ तीन वर्षं मी त्या स्टुलावर बसून जेवले.

तेव्हा ते साठीच्या आसपास असावेत. उंच, खांद्यात थोडे वाकलेले, चष्मा दोरीने गळ्यात. शर्ट रोज पांढरा आणि पूर्ण बाह्यांचा, मनगटाची बटणं लावलेली. रंग, गोंद, थिनर यांच्यात दिवसभर वावरणारा माणूस पांढरा शर्ट का घालतो, हे मी विचारलं नव्हतं. एका ड्रायव्हरने विचारलं तेव्हा उत्तर ऐकायला मिळालं.

"डाग दिसला पायजे. दिसला तं मानूस सांभायून काम करते."

शेडमध्ये बुद्धाची एक तसबीर, तिच्याखाली बाबासाहेबांची, आणि दोन्हींवर रोज सकाळी फडकं फिरायचं. येणाऱ्याला ते जय भीम म्हणायचे. समोरच्याला ते जड जाईल असं वाटलं तर नमस्कार. हा निर्णय माणूस शेडच्या दारात असतानाच ते घ्यायचे आणि माझ्या देखत तरी तो कधी चुकला नाही.

त्यांचं काम मी जेवता जेवता पाहिलं. भेग पडली की ते आधी भेगेच्या टोकाला बारीक भोक पाडायचे, म्हणजे ती पुढे पळत नाही. मग मागच्या बाजूने गरम इस्त्रीच्या टोकाने तारेची जाळी आत दाबायची, भेग थोडी कोरून घ्यायची आणि तिच्यात प्लास्टिकची पट्टी वितळवून भरायची. पुढच्या बाजूला घासून सपाट केलं की तो भाग गुळगुळीत दिसतो आणि बाकीचं पॅनल मात्र कातड्यासारखं खरबरीत असतं. त्यासाठी ते पॅनलच्या चांगल्या भागावर टाइल्सच्या सांध्यात भरतात तो सिलिकॉन थापून त्याचा ठसा घ्यायचे आणि भरलेला भाग पुन्हा गरम करून त्यावर तो ठसा दाबायचे. नंतर भेग कुठे होती ते मला फोटो मोठा करूनही सापडायचं नाही.

पण खरी गोष्ट पट्टीची होती. गाडीच्या आतलं सगळं प्लास्टिक एक नसतं. दिसायला सारखं दिसतं, पण एका प्रकारात दुसरा मिसळत नाही. मिसळल्यासारखं वाटतं, वरून घासलं तर छानही दिसतं, आणि ताण पडला की सुटून येतं. म्हणून पॅनल ज्याचं, पट्टी त्याचीच लागते. अजयभाऊ गिऱ्हाइकाला सांगताना "कोणत्या जातीचं प्लास्टिक आहे ते आमचे दादाराव ओळखतात" म्हणायचे. दादाराव "कोनत्या वासाचं" म्हणायचे.

कारण ते वासाने ओळखायचे. पॅनलच्या मागच्या, न दिसणाऱ्या बाजूने ब्लेडने नखाएवढी साल काढायची, चिमट्यात धरायची, काडीने पेटवायची, फुंकर मारून विझवायची आणि उठलेला धूर नाकाखालून न्यायचा. एकाचा वास विझलेल्या मेणबत्तीसारखा. दुसऱ्याचा रबर जळाल्यासारखा, पण मागून झेंडूच्या शिळ्या हारासारखं काहीतरी गोडसर. हे दोन मुख्य, बाकीचे क्वचित. भंगारातल्या गाड्यांची पॅनल आणून, अशीच हुंगून, त्यांच्या पट्ट्या कापून त्यांनी बिस्किटांच्या मोठ्या डब्यांत भरून ठेवल्या होत्या. डब्यांवर काही लिहिलेलं नव्हतं. कुठला डबा कशाचा ते त्यांना माहीत होतं.

या नाकाची ख्याती माझ्या आधीची होती. अकोल्यात ते एका बसबॉडीच्या कारखान्यात असताना तिथल्या पेंटरने पैज लावली, म्हणे. डोळे बांधून एकेक जळका तुकडा नाकाखाली धरायचा. दहा तुकडे बरोबर सांगितले. अकराव्याला दादाराव थांबले, पुन्हा हुंगलं आणि म्हणाले, "हे गाडीचं नोय. हे कोनाच्या तरी चपलेचं हाय, आन् तो इथंच उभा हाय." ही गोष्ट अजयभाऊ प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला सांगायचे. दादाराव ती चालू असताना काहीतरी घासत राहायचे, पण चपलेपर्यंत गोष्ट आली की त्यांचा हात थांबायचा.

एकदा मी धीर करून त्यांना दाखवलं होतं की पॅनलच्या मागे प्लास्टिकचं नाव इंग्रजीत छापलेलं असतं. मला वाटलं, त्यांना ते माहीत नसावं. त्यांनी चष्मा लावून अक्षरं वाचली, अगदी शांतपणे. म्हणाले, कंपनीच्या मालावर ते खरं असतं. पण आता अर्ध्या गाड्यांना बाजारातली नकली पॅनल बसवलेली असतात आणि त्यांच्यावरही तेच छापून देतात. "छाप्याले काय, मॅडम. कोनताबी मारता येते." मी पुन्हा स्टुलावर जाऊन बसले. माझा प्रश्न मूर्खपणाचा होता असं त्यांनी कुठेही दाखवलं नाही, याची मी नोंद घेतली.

गिऱ्हाइकांशी ते इतके शांत नसायचे. एक गृहस्थ आपली गाडी विकायला घेऊन आले. डॅशबोर्ड या टोकापासून त्या टोकापर्यंत उललेला. त्यांना नीट काम नको होतं. पुट्टी भरून वरून रंग मारून द्या, रविवारी बघायला येणाऱ्याला दिसलं नाही म्हणजे झालं, असं त्यांचं म्हणणं. दादारावांनी त्यांना सांगितलं की एका दिवसासाठीच पाहिजे असेल तर नव्या डॅशबोर्डचा मोठा फोटो काढून चिकटवा, स्वस्त पडेल. गृहस्थ तक्रार घेऊन अजयभाऊंकडे गेले. अजयभाऊंनी येऊन दोन शब्द सुनावले आणि जाताना स्वतःच हसले.

मी यायला लागून महिना-दोन महिने झाले असतील, तेव्हा ते मला शिकवायला लागले. धुमसता तुकडा आधी स्वतःच्या नाकाखालून न्यायचे, मग चिमटा माझ्याकडे करायचे. "पाहा मॅडम, कसा येते?" मी सांगायचे: मेणबत्ती. किंवा: रबर. ते म्हणायचे, "बरोबर," आणि उठून डबा उघडायचे. कधी मी अडखळले तर थांबायचे, घाई नाही. रोज दोन-तीन तुकडे तरी व्हायचे. माझं उत्तर कधीच चुकत नव्हतं आणि मला त्याचा अभिमान वाटत होता. शाळा-कॉलेजात मला कुणी वेगळं बसवून काही शिकवलं नव्हतं.

ते शिकवत नव्हते, हे कळायला एक पावसाळा गेला. आधी शेडच्या मागे उंदीर मरून पडला होता. ऑफिसातला कुणीही दोन दिवस तिकडे फिरकला नाही, मी डबा गाडीत बसून खाल्ला, आणि दादाराव त्या भिंतीला पाठ लावून निवांत पट्ट्या कापत होते. मला वाटलं, सवय असेल. मग एका दुपारी त्यांच्या पिशवीत थिनरची बाटली सांडली. डब्याचं फडकं पूर्ण भिजलं होतं. त्यांनी डबा काढला, फडकं सोडलं. मला माझ्या जागेवर त्या वासाने डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी भाकरी मोडली आणि खायला सुरुवात केली. दुसऱ्या घासाला थांबून जीभ टाळूला लावून पाहिली, काहीतरी वेगळं आहे एवढं कळल्यासारखं. मग भाकरीकडे, फडक्याकडे आणि माझ्याकडे बघितलं. मी खाली माझ्या भातात बघत होते. त्यांनी डबा हळूच बंद केला आणि म्हणाले, आज भूक नाही.

त्या दिवशी मला सगळं कळलं. धूर ते माझ्या आधी नाकाखालून नेत होते ती नक्कल होती. काळा धूर कुठल्याचा आणि पांढुरका कुठल्याचा, ठिणगी पडते की थेंब गळतो, हे ते डोळ्यांनी पाहून अर्धं ओळखत होते. उरलेलं अर्धं मी सांगत होते. तीस-पस्तीस वर्षं ज्या नाकावर त्यांचं नाव चाललं ते कधीतरी गेलं होतं, आणि गेलं हे कळलं असतं तर अकोल्याहून, परतवाड्याहून गाड्या यायच्या थांबल्या असत्या.

दुसऱ्या दिवशी चिमटा माझ्याकडे आला, "पाहा मॅडम, कसा येते?" आणि मी आधीपेक्षा नीट हुंगून सांगितलं. आमच्यात एवढंच ठरलं, तेही न बोलता. त्यानंतर मी सुट्टी घेतली तर त्या दिवशी ते पट्ट्या कापायचे, घासकाम करायचे, पट्टी भरायचं काम दुसऱ्या दिवशीवर ढकलायचे. मला वाटतं, मला कळलंय हे त्यांना कळलं होतं. नक्की सांगता येणार नाही. विचारण्यासारखा माझा स्वभाव नाही आणि सांगण्यासारखा त्यांचा नव्हता.

त्यानंतरच्या डिसेंबरात एक पांढरी छोटी गाडी आली. तिच्या मागच्या डाव्या दाराचं आतलं हँडल, दार ओढून घ्यायला आणि उतरताना धरायला असतं ते, दोन्ही मुळांशी उललं होतं. आधी कुणीतरी त्यावर गोंद थापून रंग मारला होता. गाडी नांदगाव खंडेश्वरच्या एका कुटुंबाने घ्यायची ठरवली होती, म्हणून काम त्याच दिवशी हवं होतं. दादारावांनी साल काढली, पेटवली. धूर काळा आला. त्यांनी तो स्वतःच्या नाकाखालून नेला आणि चिमटा माझ्याकडे केला.

मला चार दिवसांपासून सर्दी होती. नाक पूर्ण बंद होतं. मला काहीही वास येत नव्हता.

तसं म्हणायला काय हरकत होती, हे मी नंतर पुष्कळदा स्वतःला विचारलं. मला वास येत नाही, एवढं साधं वाक्य. पण ते मी त्या शेडमध्ये म्हटलं असतं तर पुढे त्यांना काय म्हणावं लागलं असतं? ते म्हणाले असते, बरं, मी पाहतो. आणि पुन्हा ती नक्कल केली असती, या वेळी आम्हा दोघांनाही ती नक्कल आहे हे माहीत असताना. ते मला नको होतं. धूर काळा होता, आणि काळा धूर बहुतेक रबराच्या वासाचा असतो हे आता मलाही माहीत होतं. मी म्हणाले, "रबर."

ते नेहमीसारखं लगेच बरोबर म्हणाले नाहीत. तुकडा थोडा वेळ धरून बसले. मग उठून डबा उघडला.

मार्च संपता संपता ती पांढरी गाडी घेतलेल्या घरातली सून यार्डात आली. इंगळेताई, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. त्यांनी पर्समधून वर्तमानपत्रात गुंडाळलेलं हँडल काढून अजयभाऊंच्या टेबलावर ठेवलं. त्यांच्या सासऱ्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. त्यांना तपासणीला अमरावतीला आणता-नेता यावं म्हणूनच ती गाडी घेतली होती. उतरताना त्यांनी हँडल धरून भार टाकला, ते मुळातून निघून आलं, ते मागे सीटवर आदळले आणि प्लास्टिकच्या धारेने तळहात फाटला. पाच टाके. त्या हे सगळं हजेरी घ्यावी तशा सुरात सांगत होत्या. मी शेजारच्या टेबलावर होते. दादारावांना बोलावून घेतलं होतं, ते दारात उभे होते.

अजयभाऊ म्हणाले, जुनी गाडी आहे, त्यात बाबांनी पूर्ण वजन टाकलं असणार.

"मंग?" इंगळेताई म्हणाल्या. "धराले नाई तं शोभेले लावलं हाय काय ते?"

यावर अजयभाऊ नकली पार्टबद्दल काही बोलायला लागले. दादाराव पुढे आले, हँडल उचललं, उजेडाकडे धरलं. अंगठ्याचं नख भरलेल्या जागी घातलं आणि उचकटलं. आत भरलेली पट्टी सालीसारखी अख्खी निघून त्यांच्या हातात आली. ती कुठेच धरलेली नव्हती. सालीला लागलेला रंग आणि गोंद जळून त्या दिवशी काळा धूर आला होता. खालचं प्लास्टिक मेणबत्तीच्या वासाचं होतं.

"काम माहं हाय," ते म्हणाले. मग पट्टी टेबलावर ठेवली. "मले वास येत नाई, ताई. कोरोनात गेला तो आलाच नाई. कोनाले सांगतलं नाई मी. भाऊलेबी नाई."

प्लास्टिकचा आणि वासाचा काय संबंध, हे इंगळेताईंना कळेना. दादारावांनी तो दोन-तीन वाक्यांत सांगितला, एखाद्या दुसऱ्याच कारागिराबद्दल सांगावं तसं. चपलेची गोष्ट अजयभाऊंनी त्याच सकाळी कुणालातरी सांगितली होती.

"मंग इतके दिवस काम कसं करून रायले तुमी?" इंगळेताईंनी विचारलं.

मी की-बोर्डवर हात ठेवून बसले होते. दादारावांनी माझ्याकडे पाहिलं नाही. पाहणार नाहीत हे मला कळत होतं, आणि तरी मी काही बोलले नाही.

"अंदाजानं," ते म्हणाले.

दुपारी मी शेडमध्ये गेले. डबा नेला नव्हता. मी उभ्या उभ्याच सांगितलं की त्या दिवशी मला सर्दी होती. दादाराव काहीतरी पुसत होते.

"मालूम होतं," ते म्हणाले. "आवाज बसेल होता तुमचा. तरीबी मी तुमच्याकडं चिमटा केला. आन् भरताना पट्टी पसरत नव्हती, हात सांगून रायला होता मले. मी आयकलं नाई." मग त्यांनी स्टुलाकडे बोट केलं. "बसा. जेवल्या काय?"

त्यांना खरंच माहीत होतं, की ते मला बरं वाटावं म्हणून म्हणाले, हे मला आजही ठरवता आलेलं नाही. माझी चूक मी अजयभाऊंना सांगितली नाही, इंगळेताईंनाही नाही. इथे पहिल्यांदा लिहिते आहे.

दुसऱ्या दिवशी दादारावांनी शेडच्या बाहेर, उन्हात, पाण्याने भरलेली लोखंडी टाकी आणून ठेवली. डबे एकेक करून तिच्यात रिकामे केले. मेणबत्तीच्या वासाचं प्लास्टिक हलकं, ते पाण्यावर तरंगतं, दुसरं बुडतं. वरचा रंग, गोंद खरवडून टाकायचा आणि पाण्यात सोडायचं, एवढंच. हे त्यांना पहिल्यापासून माहीत होतं. मी न विचारताच त्यांनी सांगितलं की ही शिकाऊ लोकांची रीत. गिऱ्हाइकासमोर पाण्याचं भांडं घेऊन बसायची त्यांना लाज वाटत होती. तीन दिवस ते पट्ट्या निवडत होते. तरंगणाऱ्यांच्या डब्यातल्या बऱ्याच पट्ट्या बुडाल्या आणि बुडणाऱ्यांच्या डब्यातल्या काही वर आल्या. नाक गेल्यावर या पट्ट्या ते एकट्यानेच, धुराकडे बघून भरत आले होते. ऑफिसातले लोक चहाचे कप घेऊन बघायला यायचे. दादाराव मान खाली घालून पाण्यातून पट्ट्या उचलत राहायचे. त्यांच्या बाह्या पहिल्यांदाच दुमडलेल्या दिसल्या.

चौथ्या दिवशी त्यांनी माझ्याकडे जुन्या कामांची यादी मागितली. नाक गेल्यापासून त्यांनी केलेलं प्रत्येक काम माझ्याकडच्या नोंदींत नव्हतं. मी येण्याआधीचं अजयभाऊंच्या जुन्या वह्यांत शोधावं लागलं. डॅशबोर्ड, दारांमधल्या खांबांची कव्हरं, सामानाचे कप्पे यांची त्यांना फिकीर नव्हती. जिथे माणूस हाताने धरून भार टाकतो तेवढीच कामं पाहिजेत, असं म्हणाले. अशा एकोणीस गाड्या निघाल्या. मी ती यादी हाताने, मराठीत, मोठ्या अक्षरात लिहून दिली. मला वेळ लागला.

अजयभाऊंना हे पटलं नाही, आणि त्यांच्या बाजूने ते बरोबर होते. लोकांच्या घरी जाऊन आपणच सांगायचं की आमचं काम कच्चं असू शकतं? एकानेही तक्रार केलेली नाही. दादाराव म्हणाले की ते यार्डाचं नाव घेणार नाहीत, स्वतःचं घेतील. रविवारी सुट्टी असते, एसटीने जातील. अजयभाऊंनी हो म्हटलं नाही आणि अडवलंही नाही. फक्त त्यानंतर यार्डातली थोडी अवघड पॅनल अकोल्याच्या दुसऱ्या एका कारागिराकडे जायला लागली. मग सोपीही. बातमी अकोल्यात पोचायला वेळ लागला नाही. परगावच्या गाड्या बंद झाल्या. दादाराव वेळेवर यायचे, दोन्ही तसबिरींवरून फडकं फिरवायचे आणि पुष्कळदा दुपारपर्यंत नुसते बसून असायचे.

सोमवारी मी डबा उघडला की ते आदल्या दिवशीचं थोडक्यात सांगायचे. नांदगावला इंगळ्यांच्या म्हाताऱ्याने टाके दाखवले, चहा पाजला आणि गाडीला हात मात्र लावू दिला नाही. परतवाड्याला एकाने दारातूनच परत पाठवलं. पुढच्या रविवारी ते पुन्हा गेले तेव्हा त्याच्या बायकोने किल्ली आणून दिली. अकोल्याला एकाने सगळं ऐकून घेतलं आणि शेजाऱ्यांना हाक मारून पुन्हा सांगायला लावलं, मजा म्हणून. त्यांनी पुन्हा सांगितलं. एकोणिसांतल्या सहा गाड्यांची हँडलं त्यांनी काढून आणली आणि नव्याने भरून, परत जाऊन बसवून दिली.

यादीतली शेवटची गाडी पातूरला होती. तोवर मी यार्ड सोडून अकोल्याला नोकरीला लागले होते. त्यांच्याकडे पत्ता अर्धाच होता आणि गाडीचा फोटो माझ्या फोनमध्ये होता, म्हणून त्या रविवारी मी अकोल्याच्या स्टँडवर त्यांना भेटले आणि आम्ही पातूरच्या बसमध्ये बसलो. नवीन ऑफिसात जेवायला कुठे बसता, एवढंच त्यांनी तासाभरात विचारलं. मी म्हणाले, सगळ्यांच्या बरोबर. त्यांनी मान हलवली.

गाडी एका किराणा दुकानदाराची होती, दुकानाच्या बाजूला सावलीत उभी. दुकानदार तरुण होता. त्याची आई दाराशी बसून तूर निवडत होती. दादारावांनी नमस्कार केला आणि सरळ सांगून टाकलं: नाव अमुक, हे काम मी केलं, तेव्हा मले वास येत नव्हता, आताबी येत नाई, म्हनून पाहाले आलो. हे वाक्य आता त्यांच्या तोंडात बसलं होतं. दुकानदाराला अर्धंच कळलं, पण त्याने गाडी उघडून दिली.

त्यांनी हँडल काढलं. मागून एक साल पॅनलची काढली, एक भरलेल्या जागेतली, दोन्ही नीट खरवडल्या आणि दुकानातून पाण्याचा पेला मागून घेतला. दोन्ही साली बुडाल्या. म्हणजे काम बरोबर होतं. त्यांनी मला पेला दाखवला, मग दुकानदाराला. हँडल पुन्हा बसवलं, स्क्रू आवळले. दुकानदार म्हणाला, मग झालं तर, चहा घ्या.

दादाराव आले नाहीत. मागच्या सीटवर बसले, पाय बाहेर जमिनीवर टेकवले, दोन्ही हातांनी हँडल धरलं आणि सगळा भार त्याच्यावर टाकून, गुडघे दुखणारा माणूस उठतो तसे सावकाश उठले. उभे राहिले. पुन्हा बसले आणि पुन्हा तसेच उठले. तिसऱ्या वेळी म्हातारीने तुरीतून हात काढला.

"बापू, चांगलं हाय तं तोडाले बसले काय आता?"

दुकानदार हसला. मी बसची वेळ बघितली. मला पाच वाजेपर्यंत परत पोचायचं होतं. मी निघते म्हणाले तेव्हा त्यांनी सीटवरूनच मान वर केली आणि "या, मॅडम" म्हणाले. रस्त्याच्या वळणावरून मी मागे पाहिलं. ते अजून तिथेच होते, अर्धे उठलेले, दोन्ही हातांत ते हँडल धरून, आणि त्यांनी ते सोडलं नव्हतं.